कमी काम, जास्त उशीर

आमची सेवा एकच काम करते. दुसरे प्रोग्रॅम तिला किल्ली देतात, ती मेमरीतल्या मोठ्या तक्त्यातून त्या किल्लीचं उत्तर शोधते आणि परत देते. डिस्कला हात लागत नाही, मोठी आकडेमोड नाही. प्रत्यक्ष शोधाला लागतात ते काही मायक्रोसेकंद. गर्दी झाली की अशी सेवा मंदावेल, हे समजण्यासारखं आहे. आमच्याकडे नेमकं उलटं चाललं होतं. विनंत्यांचा ओघ जोरात असताना उत्तरं झटपट येत, आणि ओघ ओसरला की तीच उत्तरं रेंगाळत. आलेखावर विनंत्यांची रेघ खाली आली की उशिराची रेघ वर चढायची.

सुरुवातीला संशय नेहमीच्या ठिकाणी गेला. नेटवर्क कार्ड पाकिटं (नेटवर्कवरून येणारे डेटाचे तुकडे) साठवून एकदमच इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हाक, देतं का, ते पाहिलं. देत होतं; तो साठवण्याचा वेळ कमी केला, थोडा फरक पडला. रिकाम्या वेळात प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी घसरते का, ते पाहिलं. ती 'परफॉर्मन्स'वर बांधून ठेवली, तरी रेघ तशीच. मग एकच मोठी शक्यता उरली: काम नसताना कोअर, म्हणजे प्रोसेसरचे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, झोपतात आणि त्यांना उठायला वेळ लागतो.

कोअरला करायला काही नसलं की त्याला थांबवायचं, ही कल्पना जुनी आहे. 'हॉल्ट' ही आज्ञा १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरमध्येही होती, पण तेव्हा तिचा हेतू वीज वाचवणं हा नव्हता. झोपेला पायऱ्या मिळाल्या त्या संगणकाच्या वीज-व्यवस्थेसाठीच्या एसीपीआय या मानकात. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये ते आणलं. त्यात सी-० म्हणजे काम चालू, आणि सी-१, सी-२, सी-३ या एकाहून एक खोल झोपा. प्रत्यक्ष प्रोसेसर पुढे याहून बरेच खोल गेले. सी-१ मध्ये कोअर फक्त घड्याळ थांबवतो, त्याच्या आतलं सगळं जागेवर असतं. सी-१-ई मध्ये त्यासोबत व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीही खाली आणली जाते. सी-६ मात्र वेगळं प्रकरण आहे. तिथे कोअर आपली सगळी रजिस्टर्स, म्हणजे हातातले आकडे, वेगळ्या छोट्या मेमरीत ठेवतो, स्वतःच्या कॅश, म्हणजे जवळच्या जलद मेमऱ्या, रिकाम्या करतो आणि मग त्याची वीजच तोडली जाते. इंटेलच्या २००८ च्या नेहेलम पिढीपासून एकेका कोअरची वीज अशी स्वतंत्रपणे तोडता येऊ लागली. रिकामा कोअरही वीज गळतच असतो. ती गळती थांबवायची तर पुरवठा तोडण्याला पर्याय नाही.

लिनक्समध्ये हे सगळं उघड्यावर मांडलेलं असतं, आणि मला या व्यवस्थेची सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. सिस-एफएसमध्ये, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) आपली माहिती फाइलींच्या रूपात मांडतो तिथे, प्रत्येक सीपीयूच्या फोल्डरात 'सीपीयूआयडल' नावाचं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक अवस्थेचं एक. आमच्या मशीनवर, म्हणजे इंटेलच्या स्कायलेक पिढीच्या सर्व्हर प्रोसेसरवर, चार अवस्था दिसत होत्या. पहिली 'पोल', म्हणजे झोपच नाही, कोअर एका छोट्या लूपमध्ये फिरत वाट पाहतो. मग सी-१: उठायला २ मायक्रोसेकंद. सी-१-ई: १० मायक्रोसेकंद. आणि सी-६: १३३ मायक्रोसेकंद. आकड्यांमधली ही उडी बघा. सी-१-ई आणि सी-६ यांच्या मध्ये काहीच नाही.

१३३ मायक्रोसेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. तीन गिगाहर्ट्झच्या कोअरला तेवढ्या वेळात जवळजवळ चार लाख आवर्तनं मिळतात. आमचा शोध त्याच्या एका छोट्या अंशात आटोपतो. म्हणजे उत्तर शोधण्यापेक्षा शोधणाऱ्याला उठवण्यातच कितीतरी पट वेळ जात होता.

त्याच फोल्डरात आणखी एक आकडा असतो: त्या अवस्थेत किमान किती वेळ काढला तर फायदा होतो. सी-६ साठी तो ६०० मायक्रोसेकंद आहे. कॅश रिकाम्या करणं, सगळं जपून ठेवणं, उठल्यावर परत भरणं, या सगळ्यालाच वीज लागते. ६०० पेक्षा कमी वेळ झोपायचं असेल तर सी-१-ई मध्येच राहणं किफायतशीर. तेव्हा कर्नलला प्रत्येक वेळी अंदाज बांधावा लागतो की पुढचं काम केव्हा येईल. हा अंदाज बांधणाऱ्या भागाला गव्हर्नर म्हणतात. पूर्वापार चालत आलेला गव्हर्नर म्हणजे 'मेन्यू'. पुढचा टायमर कधी वाजणार हे तो पाहतो, पूर्वीच्या अनुभवावरून त्यात दुरुस्ती करतो आणि शेवटच्या आठ झोपांमध्ये काही ठरावीक लय दिसते का तेही तपासतो. टायमर केव्हा वाजणार हे कर्नलला पक्कं माहीत असतं. नेटवर्कवरून पाकीट केव्हा येणार, हे कुणालाच माहीत नसतं.

इथे आमच्या आलेखाचा आकार उलगडू लागला. गर्दीच्या वेळी एकेका कोअरवर दोन विनंत्यांमधलं अंतर शंभरेक मायक्रोसेकंदांचं असे. गव्हर्नर ते ओळखून कोअरला उथळ झोपेतच ठेवी. ओघ ओसरला की अंतर एक-दोन मिलिसेकंदांवर जाई, म्हणजे ६०० च्या बरंच वर. विजेच्या हिशोबाने सी-६ हाच बरोबर निर्णय होता, आणि गव्हर्नर तो बरोबर घेत होता. फक्त त्याची किंमत प्रत्येक विनंती मोजत होती. त्याला चुकीचं ठरवण्यात अर्थ नव्हता. आम्हाला किती उशीर चालेल, हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. १३३ मायक्रोसेकंद घेऊन एकदा जागं होण्याने जेवढा उशीर व्हायला हवा, त्याच्या तिप्पटीच्या आसपास तो दिसत होता. कर्नलच्या ट्रेसमध्ये एका विनंतीचा प्रवास धरून पाहिला तेव्हा कारण सापडलं. पाकीट येतं तेव्हा इंटरप्ट एका कोअरवर येतो. तो झोपलेला, उठला. त्याने पाकीट वाचणाऱ्या थ्रेडला, म्हणजे प्रोग्रॅमच्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या एका भागाला, उठवलं. तो थ्रेड दुसऱ्या कोअरवर, तोही झोपलेला. त्या थ्रेडने विनंती उलगडून शोध घेणाऱ्या थ्रेडकडे दिली. तिसरा कोअर, तिसरी झोप. एका विनंतीमागे साखळीतल्या तीन कोअरना सी-६ मधून उठावं लागत होतं, आणि तेही एकामागून एक. गर्दीत हे तिन्ही कोअर जागेच असत म्हणून ही साखळी कधी जाणवली नाही. कोअरना कामं वाटणाऱ्या शेड्युलरला रिकामा कोअर दिसला की तो काम तिकडे देतो. एरवी ही चांगलीच गोष्ट आहे.

उठल्यानंतरचा खर्च तर १३३ च्या आकड्यात धरलेलाच नसतो. या प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरची दुसऱ्या पातळीची कॅश १ एमबीची आहे, आणि सी-६ मध्ये जाताना ती रिकामी होते. उठलेला कोअर पहिली काही पावलं टाकतो ती प्रत्येक गोष्ट दुरून मागवत.

मोजमापाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या विषयात चुकीचं मोजणं फार सोपं आहे. टायमरने जागं होण्यातला उशीर मोजायला 'सायक्लिकटेस्ट' हे साधन सगळे वापरतात. चांगलंच साधन आहे. पण ते सुरू होताच कर्नलला सांगतं की मला शून्य उशीर हवा, आणि ते चालू असेपर्यंत कोणताच कोअर खोल झोपत नाही. रिअल-टाइम कामासाठी ते लिहिलं आहे, तिथे हे योग्यच. पण झोपेमुळे होणारा उशीर पाहायचा असेल तर ते आपल्याला तो दिसूच देत नाही. त्यासाठी त्याचा 'डिफॉल्ट-सिस्टीम' हा पर्याय द्यावा लागतो. मग ते विजेच्या व्यवस्थेला हात लावत नाही. दुसरं म्हणजे साध्या थ्रेडच्या टायमरला लिनक्स मुळातच ५० मायक्रोसेकंदांची ढील देतं, म्हणजे जवळजवळचे टायमर एकत्र वाजवता यावेत. साध्या प्राधान्याने मोजणी केली तर ही ढील झोपेच्या उशिरात मिसळते. ती आधी बाजूला काढावी लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सिस-एफएसमध्ये प्रत्येक अवस्थेत किती वेळ गेला हे दिसतं, पण ती कर्नलने केलेल्या मागणीची नोंद आहे. हार्डवेअर ती मागणी तशीच पाळेल असं नाही. ते स्वतःच्या बुद्धीने उथळ अवस्थेत राहू शकतं. एकाच कोअरवर दोन हायपरथ्रेड, म्हणजे लिनक्सला स्वतंत्र सीपीयू म्हणून दिसणारे दोन जोडीदार, असतील तर दोघांनी मागितल्याशिवाय कोअर खोल जात नाही. प्रत्यक्षात काय घडलं ते 'टर्बोस्टॅट' सांगतं, कारण ते हार्डवेअरचेच काउंटर वाचतं. कोअर किती टक्के वेळ सी-६ मध्ये होता, सगळं पॅकेज (कोअर आणि त्यांचा सामायिक भाग) किती वेळ झोपलं, किती वॅट गेले, सगळं एका ओळीत. मी दोन्ही शेजारीशेजारी उघडून ठेवत असे. त्याशिवाय लिनक्स ५.१ पासून प्रत्येक अवस्थेच्या फोल्डरात 'अबव्ह' आणि 'बिलो' असे दोन आकडे मिळतात. पहिला सांगतो, ही झोप निवडली पण ती फार थोडी ठरली, असं किती वेळा झालं. दुसरा सांगतो, आणखी खोल जाता आलं असतं, असं किती वेळा झालं. गव्हर्नरचा अंदाज कुठे फसतो ते या दोन आकड्यांत सरळ दिसतं, आणि ते वाचायला सोपे असूनही फार कमी लोक पाहतात.

संशयाची खात्री करायला मशीन बंद करावी लागली नाही. प्रत्येक अवस्थेच्या फोल्डरात 'डिसेबल' नावाची फाइल असते. सगळ्या सीपीयूंच्या चौथ्या अवस्थेत, म्हणजे सी-६ मध्ये, १ लिहिलं. आलेखावरची उशिराची रेघ त्याच क्षणी खाली आली आणि ओघ कमी असतानाही खालीच राहिली. परत ० लिहिलं, रेघ वर. मग सी-१-ई देखील बंद करून पाहिली. त्याने जवळजवळ काहीच बदललं नाही. १० मायक्रोसेकंद इतर चढउतारांत विरून गेले. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वांत उपयोगी निष्कर्ष हाच होता. त्रास फक्त एका पायरीचा होता.

असा प्रश्न आला की बहुतेक ठिकाणी सुचवला जाणारा उपाय म्हणजे झोप पूर्ण बंद करून टाका. बूटच्या वेळी 'आयडल=पोल' द्या, मोकळे व्हा. तेही करून पाहिलं, कारण शेवटचं टोक किती लांब आहे हे माहीत असावं. मशीनवर काडीचं काम नसताना सगळे कोअर शंभर टक्के फिरू लागले आणि पंख्यांनी आवाज चढवला. वीज आणि थंडाव्याचा हिशोब पाहणारा माझा सहकारी लगेच येऊन उभा राहिला.

"तुझ्या मशीनला झालंय काय? काम दिसत नाही, आणि वॅट बघ कुठे गेलेत."

"चाचणी आहे रे, संध्याकाळपर्यंत काढतो."

"चाचणी असेल तर ठीक. कायम ठेवणार असशील तर आधी सांग, मला अख्ख्या रॅकचं गणित नव्याने मांडावं लागेल."

त्याचं म्हणणं विजेपुरतं होतं. पण तोटा वेगातही झाला होता, आणि हे अनेकांना खरं वाटत नाही. टर्बो, म्हणजे नेहमीपेक्षा वरची, फ्रिक्वेन्सी किती चढेल हे किती कोअर जागे आहेत यावर ठरतं, आणि सी-१ मधला कोअरही त्या मोजणीत जागाच धरला जातो. बाकीचे कोअर सी-६ मध्ये गेले असतील तरच काम करणाऱ्या एक-दोन कोअरना सर्वांत वरचा वेग मिळतो. सगळ्यांना फिरत ठेवलं की तो वरचा वेग कुणालाच मिळत नाही. शिवाय पोल करणारा हायपरथ्रेड आपल्या जोडीदाराचे अंमलबजावणीचे भाग वापरत राहतो, त्यामुळे खरं काम करणारा जोडीदार मंदावतो. कोअर क्षणात तयार असायचा, पण तयार झालेला कोअर आधीपेक्षा हळू चालायचा. आमच्या मोठ्या विनंत्यांना, ज्यांत शोध लांब चालतो, याचा फटका स्पष्ट बसला.

सी-६ सरसकट बंद ठेवण्यालाही हाच आक्षेप लागू होता, थोड्या कमी प्रमाणात. त्यात आणखी एक भर: सगळे कोअर खोल झोपले तरच पॅकेज, म्हणजे कोअरबाहेरचा सामायिक भाग, झोपू शकतो. एका कोअरला उथळ ठेवलं तरी पॅकेजची खोल झोप हुकते. म्हणून विजेचा तोटा कोअरच्या संख्येने मोजता येत नाही. पहिला कोअर सर्वांत महाग पडतो.

बूट पॅरामीटरच्या बाबतीत एक सापळा नोंदवून ठेवतो, कारण त्यात बरेच जण अडकतात. 'इंटेल आयडल मॅक्स सी-स्टेट' या पॅरामीटरला ० दिलं म्हणजे झोप बंद झाली, असं वाटतं. प्रत्यक्षात ० ने झोप सांभाळणारा इंटेलचा ड्रायव्हरच बंद होतो आणि त्याची जागा एसीपीआयचा ड्रायव्हर घेतो. तो बायोसने, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरने, दिलेल्या यादीप्रमाणे खोल अवस्था खुशाल वापरतो. फक्त सी-१ हवी असेल तर १ द्यावं लागतं. पण मुळात बूट पॅरामीटर हेच बोथट हत्यार आहे. ते सगळ्या कोअरना, सगळ्या वेळी लागू होतं, आणि बदलायचं तर मशीन पुन्हा सुरू करावी लागते.

खरी सोय दुसरीकडे आहे. डेव्ह फोल्डरात 'सीपीयू डीएमए लेटन्सी' नावाची फाइल असते. प्रोग्रॅमने ती उघडायची, त्यात मायक्रोसेकंदांत एक ३२ बिटांचा आकडा लिहायचा आणि फाइल उघडी ठेवायची. जोवर ती उघडी आहे तोवर त्या आकड्यापेक्षा जास्त उशीर लावणारी कोणतीही झोप गव्हर्नर निवडत नाही. बंद केली की मागणी संपली. प्रोग्रॅम मध्येच कोसळला तरी कर्नल त्याच्या फाइली बंद करतोच, त्यामुळे विसरलेली मागणी मागे राहत नाही. किती नेटकी रचना आहे ही! ज्याला घाई आहे त्याने किती घाई आहे ते सांगायचं, आणि घाई असेपर्यंतच. मशीनची सेटिंगं लावणाऱ्या 'ट्यून्ड' या साधनाचा लेटन्सी-परफॉर्मन्स प्रोफाइलही आतून हीच वाट वापरतो, फक्त तो ती कायम धरून ठेवतो.

आम्ही २० लिहिलं. सी-१-ई चे १० त्यात बसतात, सी-६ चे १३३ बसत नाहीत. ० लिहिण्याचा मोह झाला नाही, कारण ० म्हणजे थेट पोल, आणि ते टोक नुकतंच पाहिलं होतं.

तरीही ही फाइल सगळ्या मशीनला एकच नियम लावते, आणि आमची सेवा मोजक्याच कोअरवर चालू शकत होती. म्हणून आधी साखळी आवळली. नेटवर्क कार्डाच्या रांगांचे इंटरप्ट ठरावीक कोअरवर बांधले, आणि पाकीट वाचणारा व शोध घेणारा थ्रेडही त्याच कोअरवर. आता विनंती आली की एकच कोअर उठतो आणि सगळं काम तोच करतो. झोपेच्या एकाही सेटिंगला हात न लावता उशिराचा मोठा भाग इथेच गेला. झोपेवर बंधन घालण्याआधी आपला प्रोग्रॅम किती कोअरना विनाकारण उठवतो ते पाहावं, असं मी आता आग्रहाने सांगतो. ती सुधारणा करताना वीज खर्च होत नाही, उलट वाचते.

मग त्या निवडक कोअरपुरतीच मर्यादा घातली. प्रत्येक सीपीयूच्या 'पॉवर' फोल्डरात 'पीएम क्यूओएस रिझ्यूम लेटन्सी' नावाची फाइल असते. तिथे २० लिहिलं की तेवढ्या सीपीयूलाच नियम लागू. एकाच कोअरच्या दोन हायपरथ्रेडपैकी एकात लिहिलं तरी पुरतं, कारण कोअर दोघांपैकी उथळ मागणीच पाळतो. बाकीचे कोअर सी-६ मध्ये जायला मोकळे राहिले, त्यामुळे आमच्या कोअरना टर्बोचा वरचा वेगही परत मिळाला. पॅकेजची झोप तेवढ्या वेळापुरती गेली, ती किंमत आम्ही जाणून मोजली.

इथे दोन गोष्टी जपाव्या लागतात. या फाइलीत ० चा अर्थ 'कितीही उशीर चालेल' असा आहे. अजिबात उशीर नको असेल तर 'एन/ए' लिहायचं असतं. डेव्ह फोल्डरातल्या त्या दुसऱ्या फाइलीत ० चा अर्थ बरोबर उलटा. दोन्ही वापरणाऱ्याने हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं. आणि इथला आकडा प्रोग्रॅम मेल्यावर आपोआप पुसला जात नाही, म्हणून सेवा थांबताना तो परत ० करण्याचं काम सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेकडे दिलं.

मर्यादा चोवीस तास ठेवायची गरज नव्हती हेही हळूहळू लक्षात आलं. ओघ मोठा असताना कोअर तसेही खोल झोपत नाहीत. मर्यादा असली काय, नसली काय. ओघ अगदी तुरळक असताना एकदा जागं होणं आणि रिकामी कॅश, एवढाच खर्च उरला होता, आणि विचारणाऱ्या प्रोग्रॅमना तो सहज चालत होता. त्रास होता तो मधल्या पट्ट्यात, जिथे अंतर ६०० मायक्रोसेकंदांच्या वर-खाली होत राहतं आणि गव्हर्नरचा अंदाज अर्ध्या वेळा फसतो. तेव्हा सेवा आता स्वतःच आपला ओघ पाहते आणि त्या पट्ट्यात असतानाच २० लिहिते. पट्ट्याच्या कडेवर सतत चालू-बंद होऊ नये म्हणून चढताना आणि उतरताना वेगवेगळे उंबरठे ठेवले आहेत.

गव्हर्नर बदलूनही पाहिला. राफाएल विसोत्स्की यांनी लिहिलेला 'टीईओ' गव्हर्नर लिनक्स ५.१ मध्ये, २०१९ साली आला. बहुतेक वेळा सीपीयूला उठवतो तो टायमरच, या गृहीतावर तो उभा आहे. टायमरआधीच कोअर उठतो असं वारंवार दिसलं तर तो उथळ झोप निवडू लागतो. आमच्याकडे 'अबव्ह'चा आकडा त्याने कमी झाला, उशिरात मात्र फार फरक पडला नाही. तो ठेवला, पण त्याच्यावर भिस्त ठेवली नाही. गव्हर्नर कितीही हुशार असला तरी न दिसणाऱ्या पाकिटाचा अंदाज तो कसा बांधणार?

याच काळात माझ्या लॅपटॉपकडे उलट्या बाजूने पाहायला लागलो. तिथे उशिराची फिकीर नाही, बॅटरीची आहे. तोही स्कायलेक पिढीचाच, पण लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये पायऱ्या कितीतरी जास्त. सी-८ ला उठायला २०० मायक्रोसेकंद लागतात आणि किमान ८०० झोपलं तर फायदा. सी-१० ला ८९० मायक्रोसेकंद लागतात आणि किमान ५ मिलिसेकंद झोप हवी. या शेवटच्या आकड्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. दर दोन मिलिसेकंदांनी उठून काही झालं का बघणारा एक प्रोग्रॅम, त्याचं काम कितीही किरकोळ असो, आपल्या कोअरला सी-१० पर्यंत पोचूच देत नाही, आणि त्याच्यामुळे अख्खं पॅकेज वरच्या पायरीवर अडकून राहतं. सीपीयूच्या वापराचा आकडा एक टक्क्याच्या आत असतो, म्हणून असा प्रोग्रॅम कुणाच्या नजरेत येत नाही. त्याला पकडायचं तर सेकंदाला किती वेळा कोण उठवतं ते पाहावं लागतं. 'पॉवरटॉप' हे साधन इंटेलने २००७ मध्ये नेमकं यासाठीच आणलं. त्याच वर्षी लिनक्सने रिकाम्या कोअरवर दर ठोक्याला वाजणारा टायमर थांबवायला सुरुवात केली होती. त्याआधी कर्नल स्वतःच सेकंदाला शेकडो वेळा झोप मोडत असे.

माझ्या लॅपटॉपवर पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवणारी एक छोटी पट्टी यादीत सर्वांत वर निघाली. ती काढली, कोअर खोल गेले, पण पॅकेज तरीही जाईना. शेवटी लक्षात आलं की सतत जोडून ठेवलेलं एक यूएसबी उपकरण आपल्याला कमी उशीर हवा असं हार्डवेअरला सांगत होतं. कोअर, ग्राफिक्स आणि बसवरची उपकरणं, सगळ्यांची संमती असल्याशिवाय पॅकेज खाली उतरत नाही. त्या उपकरणाची विजेची बचत पॉवरटॉपमधून चालू केली आणि टर्बोस्टॅटमध्ये आजवर शून्यावर असलेल्या रकान्यात आकडे दिसू लागले.

सेवेसाठी आता नवी मशीन येत आहे, इंटेलच्याच २०२३ मधल्या सॅफायर रॅपिड्स पिढीची. तिथला तक्ता वेगळा आहे: सी-१-ई चे १० मायक्रोसेकंद २ वर आले आहेत, सी-६ चे मात्र २९० झाले आहेत आणि किमान झोप ८०० मायक्रोसेकंदांची. म्हणजे उथळ झोप आणखी स्वस्त, खोल झोप आणखी महाग. आमच्या प्रोग्रॅममध्ये अवस्थेचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, २० मायक्रोसेकंद एवढंच आहे, म्हणून ते तसंच चालेल. नाव लिहिलं असतं तर एएमडीच्या मशीनवर अडचण आली असती. तिथे यादीत सी-१ आणि सी-२ एवढंच दिसतं, आणि तिथला सी-२ नावावरून वाटतो तसा उथळ नसतो. बदलावे लागतील ते मधल्या पट्ट्याचे उंबरठे, कारण ते ६०० च्या आकड्याभोवती बेतलेले आहेत. नवी मशीन हाती आली की सायक्लिकटेस्ट, टर्बोस्टॅट आणि 'अबव्ह'चा आकडा, याच क्रमाने पुन्हा मोजायला बसणार आहे.